बर्फाची जाडी

पहिल्या हिवाळ्यात मी अख्ख्या हीउमा बेटाला पिडलं.
धक्क्यावर फेरीबोटीसाठी ताटकळलेल्या गाड्या,
प्रत्येकीच्या वायपरखाली माझी चिठ्ठी:
समुद्र किती गोठला?
रोज सकाळी पाहा माझ्या वेबसाइटवर.

उर्मासने कंबरदुखीवर औषध विचारलं,
मी वेबसाइट सांगितली.
कुणा पाहुण्याने टपाल कचेरी विचारली,
त्यालाही डावीकडे वळा म्हणता म्हणता
वेबसाइट.
सौनामध्ये, जिथे अंगावर सूत नसतं,
तिथेही माझ्यापाशी चिठ्ठी होती.
कुठे होती ते विचारू नका.

बोलणाऱ्याची अंबाडी विकते म्हणतात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
माझी तर अंबाडीही नव्हती.
नुसते आकडे,
उपग्रहाच्या फोटोवरून, हीटरजवळ बसून काढलेले.

मग वाइकेचा नवरा गेला.
बर्फ फुटून गेला, जाळं आणायला निघालेला.
मला वाटलं, हीच तर वेळ आहे.
चर्चमधल्या भजनांच्या पुस्तकांत
मी एकेक चिठ्ठी सरकवली, पानाच्या खुणेसारखी.

कुणी ओरडलं नाही.
इथे राग म्हणजे
दार हळूच लावून घेणं.
साल्मेने बाकाबाकावरून चिठ्ठ्या वेचल्या,
स्टोव्हमध्ये घातल्या,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"कागद चांगला आहे. लगेच पेटतो."

पुढचा उन्हाळा मी कुणाला तोंड दाखवलं नाही.
हे खोटं आहे. दुकानात जावंच लागतं.
पाव, दूध, काड्यापेटी, खाली मान.

पुन्हा पाणी गोठलं तेव्हा
एंडेलच्या मागून चालू लागले.
तो ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.
चौथ्या दिवशी त्याने गिरमिट माझ्या खांद्यावर दिलं,
न सांगता,
जसं बैलाच्या मानेवर जू देतात.
भोक पाडायचं, पट्टी सोडायची, आकडा वाचायचा.
कुठे बर्फ पांढरा आणि फसवा,
कुठे काळा आणि इमानी,
कुठे तो रात्री कण्हतो आणि कण्हू द्यावा,
कुठे गप्प झाला की पाय मागे घ्यावा.
कुणी विचारलं तर तिथेच सांगायचे,
हातमोजा काढून, बोटांनी जाडी दाखवून.
पुढे काही जोडायचे नाही.
जीभ शिवशिवायची.
दातांखाली धरायचे.

वाइकेच्या अंगणातला बर्फ तीन वेळा उपसला.
तिने एकदाच खिडकीतून पाहिलं.
माफी मागायला शब्द होते,
पण तेही चिठ्ठीसारखेच वाटले.

फेब्रुवारीत मुख्य भूमीकडून एक पोरगा आला,
नवी गाडी, उतावळी टाच.
"पलीकडे जाता येईल का?"
एंडेलने खिसे चाचपले.
गळ, दोरा, तंबाखू,
आणि एक चुरगळलेली चिठ्ठी,
साल्मेच्या हातून सुटलेली,
गळाचं टोक अडकवायला त्याने वर्षभर जपलेली.
"यात बघ," म्हणाला. "ही रोज लिहिते.
स्वतः मोजून लिहिते."
मग थोडं थांबून,
"तरी मला विचारूनच उतर."

मी पाठमोरी होते, गिरमिट फिरवत होते,
म्हणून माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

त्या रात्री साल्मेला विचारलं,
हे माझं गप्प राहणं,
हीही जाहिरातच होती का, जरा लांबची?
ती मासा साफ करत होती.
"असेल," म्हणाली.
"खवले तिकडे टाक."

सकाळी लिहिलं:
सतरा सेंटिमीटर. गाडी नको.
चालत जायचं तर काठी हातात,
वाइकेच्या घरासमोरून नाही,
वळसा घालून.